ओटीवर बसलेला माणूस

आधीच सांगते, मला असल्या गोष्टींचा तिटकारा आहे. कुणी भुताखेताचं बोलायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. आज मीच लिहितेय... हसा खुशाल.

मी भिवपुरीला क्वार्टर्समध्ये राहते. दर मे महिन्यात आठवी-नववीच्या मुलांचा ऑनलाइन समर कॅम्प घेते — चित्र काढायचं आणि त्यावर गोष्ट लिहायची. मुलं कागदावरच्या चित्राचा फोटो पाठवतात. मी तो सगळ्यांसमोर स्क्रीनवर घेऊन दुरुस्त करते, नको ते तिथल्या तिथे पुसते. पालकांना माझा हा कडकपणा भारी आवडतो.

मागच्या वर्षी जवळच्या पोशीर गावची एक मुलगी होती. सुमन म्हणूया. आईच्या फोनवरून यायची, मागे कोंबड्यांचा कलकलाट. विषय काहीही द्या, बाजार, जत्रा, अंतराळ... हिच्या चित्रात ओटीवर उकिडवा बसलेला एक माणूस असायचाच. अहो, अंतराळात ओटी! मुलं खिदळायची. मीही हसायचे.

शेवटच्या आठवड्यात माझं डोकं फिरलं. "आज याला घालवूयाच," म्हटलं आणि पुसायला घेतला.

"मॅडम, नका ना पुसू. बाबा हायेत माझे."

"मग त्यांचं वेगळं चित्र काढ. इथे सगळ्याची वाट लावतायत ते."

"ते वारले. फोटो नाय आमच्याकडं. रोज काढते, म्हंजे इसरणार नाय."

ऐकलं मी. नीट ऐकलं, आणि तरी पुसलं. एवढी मुलं बघत होती, माघार कशी घेणार? लिहितानाही लाज वाटते.

सुमन यायची बंद झाली. तिसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन. "मॅडम, कागदावरनं बी गेलेत वो ते. समद्या चित्रांतनं. पोरगी जेवत नाय. म्हणते, चेहराच आठवत नाय."

थापा, म्हटलं मी. तरी स्कूटर काढून भर दुपारी पोशीर गाठलं. अठरा कागद होते. ओटी आहे, खांब आहे, मधे कोरं. खोडल्याची खूण नाही, पेन्सिलचा वळ नाही. घरी लॅपटॉपवर जुने फोटो उघडले, तर त्यातही तेच!

मग मी स्वतःच त्याला काढायला बसले. त्याला अठरा वेळा हसले होते, पाठ झाला होता मला. हात थांबेचना. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन गेले, तर सुमनच्या आईने तो हातातून ओढूनच घेतला. "अगं बाई... हेच. भुवईवरची खोकसुदिक!" ती खोक सुमनने कधीच काढली नव्हती. मी कुठून काढली?

सुमनने कागद नीट पाहिला. "छान काढलाय मॅडम," ती म्हणाली. "कोण हाय ह्यो?"

तिची आई तोंडात पदर कोंबून रडली. मी पळून आले.

आता मी कुठलाही पुरुष काढला तरी तोच उतरतो. डॉक्टर झाले, डोळे तपासून झाले, मला काही उमगलेलं नाही. प्रत्येक चित्र मी पोशीरला पोचवायचे, कधीतरी ओळखेल म्हणून. परवा सुमनचा मेसेज आला.

"मॅडम, तुमच्या बाबांची चित्रं आता नका पाठवू. आमच्याकडं ठेवायला जागा नाय."