ढोलकीवाल्याच्या आजीची सही

ती घटना आठवली की मला आजही आधी हसू येतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, उसात दबा धरून बसलो. पण लोक विचारतात, "साहेब, सगळ्यात अवघड तपास कुठला?" तेव्हा मी सांगतो, एका सहीचा. त्यांना वाटतं, म्हातारा थट्टा करतोय.

तेव्हा माझी नेमणूक शिरूर तालुक्यात होती. भर लग्नसराई आणि गावोगावच्या जत्रा, म्हणजे पोलिसाला बंदोबस्तातून मान वर काढायला फुरसत नाही. अशात एका सकाळी मांडवगण फराट्याचे एक वयस्कर बागायतदार ठाण्यात आले. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. त्यांचे वडील जत्रेचे पंच. नाटक मंडळ्या आणि तमाशाचे फड तेच ठरवायचे, त्यामुळं नटांची, गवयांची, तमासगिरांची पत्रं त्यांच्या घरी यायची. आबांनी ती जपली आणि पुढं स्वतः हिंडून कलावंतांच्या सह्या गोळा केल्या. माझ्यासमोर बसून त्यांनी एका जुन्या गायक नटाचं पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्यात गाण्याबद्दल अवाक्षर नव्हतं. मागच्या खेपेची वांगी फार चवदार होती, या खेपेलाही तीच असावीत, एवढाच मजकूर.

"मग चोरीला काय गेलं?" मी विचारलं.

"निवडक पत्रं आन् एक सही. कपाटात पुठ्ठ्याच्या बॉक्सात ठेवली हुती." आबांनी हात जोडले. "पत्रं गेली तर जाऊ द्या साहेब. पर सही मिळाली पायजे."

त्या सहीची गोष्ट अशी. दौंडला तमाशातल्या एक जुन्या कलावंत राहायच्या. त्यांना सगळे बाई म्हणत. त्यांच्या आईचा फड एके काळी गाजलेला. आई शाळेत गेली नव्हती, स्वतःच्या नावापुरतं लिहायला शिकली होती. बाई लहान असतानाच ती गेली. मागं ना फोटो राहिला, ना कपडा. आबांच्या वडिलांना तिनं एका कागदावर सही करून दिली होती, तेवढीच तिची खूण उरलेली. बाईंनी ती कधी पाहिली नव्हती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी आबांना निरोप धाडला, "आता दिसाया लागलंय, आई दाखवा." येत्या रविवारी दौंडला बाईंचा सत्कार होता आणि आबा तिथं ती सही त्यांना देऊन टाकणार होते.

"शब्द दिलाय," आबा म्हणाले. "आता रिकाम्या हातानं जाऊ व्हय?"

संशय कुणावर, म्हणून मी विचारलं. सोबत आलेला त्यांचा मुलगा बोलला. बाईंचा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, फडात ढोलकी वाजवायचा. सत्काराचं सांगायला तो घरी आला होता. आबांनी सही दाखवली, तेव्हा तो म्हणाला होता, "आबा, ही तर आमच्या घरातली वस्तू." त्यानंतर ती कुणी पाहिली नव्हती. दुपारी माझ्या खबऱ्यानंही तेच नाव घेतलं. ढोलकीवाला काखेत एक चपटं खोकं घेऊन एसटीतून उतरला होता. आमच्या खात्यात एवढं पुरतं.

मी त्याला बोलावून घेतलं. चाळिशीचा, किरकोळ अंगाचा माणूस, पण घाबरला नाही.

"साहेब, चोरायचंच असतं तर आबांचा ट्रॅक्टर नेला असता," तो म्हणाला. "सही चोरून काय करू, भाकरीवर घेऊन खाऊ?"

"काखेत खोकं कसलं होतं?"

"कासुर्डीच्या जत्रंत मान मिळाला. टावेल-टोपी आन् कपड्याचा बॉक्स."

कासुर्डीला फोन लावला. जत्रा कमिटीनं मान दिल्याचं खरं निघालं. तरी मी म्हटलं, घराची झडती घ्यावी लागेल.

"घ्या की. गावात सुई हरवली तरी पयली पेटी तमासगिराचीच उघडत्यात. आमाला सवय हाय."

बोलला ते मला टोचलं. पण खरं सांगायचं तर मी झडती रद्द केली नाही. त्यानं जबाबाखाली सही केली. आधी एक लांबलचक रेघ मारली, मग तिच्या खाली अक्षरं लटकवली. नाव अर्ध्यात संपलं आणि उरलेली रेघ तशीच मोकळी राहिली. म्हटलं, व्यक्ती तितक्या प्रकृती.

दौंडला त्याच्या आणि बाईंच्या घरी दोन पंचांसमोर झडती घेतली. पेटीत ढोलकीच्या वाद्या होत्या, चाळ होते आणि सगळ्यात वर चमकी कागदात गुंडाळलेला एक बॉक्स. मी तो उचलला. पंच म्हणाले, "आहेराचा हाय, साहेब." मी मान हलवली आणि बाजूला ठेवला. आमच्या भागात आहेराचा बॉक्स कुणी उघडत नाही. त्यात पॅन्ट-शर्टचं कापड असतं हे सगळ्यांना माहीत, आणि तो पुढच्या लग्नात द्यायचा असतो हेही सगळ्यांना माहीत. बंद आला तसा बंद पुढं जातो. एखादा बॉक्स तर चार-दोन तालुके हिंडून येतो. बाई ओसरीवर बसून सगळं बघत होत्या. मला चहा देताना त्या एवढंच म्हणाल्या, "पोरगं चोर न्हाई माजं." मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

तपास तिथंच अडला. रविवार जवळ आला. घरी जेवून उठलो आणि सहज टेबलावरचा एक बॉक्स उघडायला घेतला. कुठल्याशा सत्कारात मला मिळाला होता. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, त्याला हात लावू नका. परवाच्या लग्नात द्यायचाय."

"आत आहे काय पण?"

"मला काय माहीत? मी कुठं उघडलाय."

मी जागेवरच थांबलो. मग गणवेश चढवला आणि थेट मांडवगण गाठलं.

आबांच्या सुनेला मी आधी विचारलं होतं, घरातून काही बाहेर गेलं का? ती ठामपणे नाही म्हणाली होती. आता विचारलं, "ताई, त्या कपाटातून आहेर कुठं गेला?"

"आहेर व्हय? त्यो जातोच की. खुटबावला मामाच्या पोरीच्या लग्नात एक दिला. कपाटात वर बॉक्स दिसला, त्याला चमकी कागद लावला."

आबा खाटेवरून उठून उभेच राहिले. शर्टाच्या रिकाम्या बॉक्सात पत्रं नीट सपाट राहतात आणि कपड्याच्या कपाटात चोर बघत नाही, असा त्यांचा हिशेब होता. तो त्यांनी घरात कुणाला सांगितला नव्हता.

खुटबावच्या मामांची चौकशी मात्र माझ्या नोकरीतली सर्वांत कठीण. खुनी माणूस कबुली देतो, पण मिळालेला आहेर पुढं दिला, हे कुणी कबूल करत नाही. मामांनी पाणी मागितलं, चहा मागितला, उसाच्या भावावर बोलून घेतलं.

"आमच्या भाचीला कळलं तर काय म्हनंल, साहेब?"

"भाचीला सांगणार नाही. शब्द."

"कासुर्डीच्या याह्यांना दिला," ते अगदी हळू म्हणाले.

कासुर्डीचे व्याही जत्रा कमिटीत होते. मला दारात बघून त्यांनी स्वतःच जमिनीकडं बघायला सुरुवात केली. "त्ये… जत्रंत ढोलकीवाल्याला दिला. नवाच हुता, साहेब."

मला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. तो बॉक्स मी स्वतःच्या हातानं बाजूला ठेवला होता.

आबांना जीपमध्ये घेतलं आणि दौंड गाठलं. ढोलकीवाल्यानं पेटीतून बॉक्स काढला. "ह्यो? ह्यो तर बहिणीच्या पोराच्या लग्नाला ठिवलाय."

"उघड," मी म्हटलं.

कागद फाडला. वर वांग्यांचं पत्र होतं. त्याच्या खाली एक पिवळा पडलेला कागद. कागदावर लांबलचक रेघ, रेघेखाली वाकडीतिकडी अक्षरं, नाव अर्ध्यात संपलेलं आणि उरलेली रेघ मोकळी. ही सही मी आधी पाहिली होती, माझ्याच ठाण्यातल्या जबाबाखाली.

आबांनी कागद बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाला धरला आणि रेघेवरून बोट फिरवत शेवटपर्यंत नेलं.

"आमच्या घरात समदी आधी रेघच मारत्यात," त्या म्हणाल्या. "मला दादानं तसंच शिकवलं. वाटायचं, दुनिया अशीच लिहिती." मग डोळे पुसून म्हणाल्या, "म्हंजी आई रोज दिसत हुती की मला."

आबा तोंड फिरवून रडले. मीही जीपकडं बघण्याचं निमित्त केलं.

त्या तपासानं मला शिकवलं ते साधं आहे. वस्तू हरवली की आपण कुणी नेली हे विचारतो, कुणी दिली हे विचारत नाही. आणि पेटी कुणाची उघडायची, हे आपलं आधीच ठरलेलं असतं. ढोलकीवाल्याची मी उघडली. आबांच्या सुनेला मात्र दारातूनच एक प्रश्न विचारून परत फिरलो होतो. आता घरी आलेला प्रत्येक आहेर मी जागच्या जागी उघडतो. बायको त्यावरून अजून बोलते.

रविवारी सत्कार झाला. बाईंनी सही पदराखाली धरली होती, ती हार घालतानाही सोडली नाही. कार्यक्रम संपल्यावर आबा सह्यांची वही घेऊन ढोलकीवाल्यापुढं गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, आमचं चुकलं. आता तुमची सही द्या. माझ्या वहीत तेवढीच घ्यायची राह्यलीय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "साहेबांनी कवाच घेतलीय, आबा."

मंडप हसला, मीही हसलो. मग त्यानं वही मांडीवर घेतली आणि आधी एक लांब रेघ मारली.