बाजारात अनोळखी होणाऱ्या अक्का

जे. पी. नगरात मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते, त्या अक्का घरात एक आणि बाजारात दुसऱ्याच. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरात मुरलेलं मराठी घर. नागपूरहून आलेल्या मला घरी आग्रहाने वाढायच्या. पण रविवारी मला भाजीवालीपुढे उभं केलं, की बाजूला सरकून फुलं बघत बसायच्या. जणू मी कुठली कोण!

"अक्का, हिला सांगा ना, वांगी कोवळी दे म्हणून."

"तूच सांग की. माझं तोंड कशाला पाहिजे?"

भाजीवाली कन्नडशिवाय बोलायची नाही. मी हातवारे करायची, बायका हसायच्या आणि घरी यायची जून वांगी. अक्का ती मुकाट्याने शिजवायच्या. यांना माझी लाज वाटते की माझी गंमत बघायची असते, मला काही उमगेना.

त्यात ऑफिसात जीव टांगणीला लागलेला. कारखान्यांतला माल कॉम्प्युटरवर कसा नोंदवायचा, हे तिथल्या कामगारांना शिकवायचं आमचं काम. "कन्नडात शिकवता आलं तरच नोकरी पक्की," असं साहेबांनी बजावलं होतं. अक्कांना रडत हे सांगितलं, तर "सरी", म्हणजे 'बरं', म्हणाल्या आणि भात वाढला. बस्स, एवढंच! मग मी हट्टालाच पेटले. कंडक्टर, शेजारीण, जो भेटेल त्याच्याशी मोडकंतोडकं बोलू लागले. इतक्या रागात कुणी भाषा शिकलं नसेल.

के. आर. पुरमजवळच्या कारखान्यात परीक्षेची वेळ आली. माझ्याकडे कन्नड शब्द सगळे मंडईतले. "जून माल आधी काढा, कोवळा मागे ठेवा," असं मी लोखंडी नटबोल्टांबद्दल सांगितलं. कामगार पोट धरून हसले, पण त्यांना समजलं. नोकरी पक्की झाली.

त्या रविवारी मी एकटीच बाजारात गेले. भाजीवाली एका नव्या गिऱ्हाइकाशी फाडफाड हिंदी बोलत होती! मला बघून तिने पदर तोंडाला लावला.

"अक्का बोले थे ना, इस लड़की से हिंदी नक्को."

कन्नडात मागून घेतलेली वांगी पिशवीत टाकून मी तरातरा घरी आले. "अक्का, इतके दिवस बावळट बनवलंत मला!"

त्यांनी माझ्या पिशवीतलं वांगं काढून दाबून पाहिलं. "कोवळी आणलीस की गं."

भांडायला आलेली मी रडतच त्यांच्या पाया पडले. राग मात्र तसाच होता.