मयतीला बोलावणं लागत नाही

तिरडी बांधावी तर वासुदेवरावांनीच, असं हिंगणीत म्हणत. हे वासुदेवराव म्हणजे माझे मामा. वाचून कोणी नाक मुरडेल, पण गावात अशा माणसाची किंमत काय असते ते विचारा. कोणाकडे काही झालं की मामा हातातला घास ठेवून निघायचे. बांबू कुठला तोडायचा, सुतळी किती लागेल, घरच्यांना रडू कधी द्यायचं आणि कधी हटकायचं, सगळं त्यांना ठाऊक. लग्नात मात्र भारी मानपान. पत्रिका हातात पडली नाही तर मांडवाची पायरी चढायचे नाहीत. "लग्नाले बोलावनं लागते, मयतीले लागत नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

असा हा माणूस तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या बर्डीत राहायला गेला. कोकिळामामीचं हृदय दुबळं झालं होतं, आणि हिंगणीहून नागपूरचा दवाखाना गाठेपर्यंत तिचा जीव राहील याची हमी कोणी देईना. मामेभाऊ रोशन नोकरीला बंगळुरूत. त्यानं बर्डीच्या ऐन बाजारात, दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. दवाखाना पाच मिनिटांवर, खाली मागाल ते मिळतं. मी वर्ध्याला नालवाडीत राहतो, शाळेत मास्तर. महिन्यातून एकदा जायचो आणि डोकं धरून परत यायचो. फेरीवाल्यांचे भोंगे, चपलावाल्याची 'दो सौ, दो सौ' अशी आरोळी, गाड्यांचे हॉर्न. समोरच्या फ्लॅटमध्ये कसल्याशा कंपनीचं ऑफिस, वरच्या मजल्यावर शिकवणी वर्ग. जिन्यावरून दिवसाला पाचशे माणसं जायची, त्यात ओळखीचं एक नाही.

मामीला याचंच भय होतं. मरणाचं नव्हतं. "इथं मेले त कोन येईन हो?" एकदा माझ्यासमोरच तिनं विचारलं. "मले हिंगणीले नेऊन टाका."

मामा हसले. "माणूस कुठंही माणूसच असते. दार उघडं दिसलं का येते. मी सांगून राह्यलो ना तुले."

मामा, हे बर्डी आहे, हिंगणी नाही, असं मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडायची आमच्यात रीत नाही, आणि खरं सांगायचं तर मला वाद नको होता.

मागच्या श्रावणात एका मंगळवारी पहाटे मामी झोपेतच गेली.

पुढं मामांनी जे केलं ते हिंगणीचा माणूसच करू जाणे. त्यांच्या गावात घरचा माणूस स्वतःच्या तोंडानं मरण सांगत नाही. तो नुसता बसतो. शेजारी बघतो, शेजारी सोयऱ्यांना कळवतो, शेजारीच लाकडं आणतो. तेव्हा मामांनी मामीला बाहेरच्या खोलीत जमिनीवर घेतलं, उशाशी दिवा लावला, येणाऱ्यांसाठी सतरंजी अंथरली, दार सताड उघडलं आणि भिंतीला टेकून बसले. फोनला हातसुद्धा लावला नाही.

नऊ वाजता वर्गाची पोरं जिना चढू लागली. एका मुलीनं डोकावून विचारलं, "काका, फिजिक्सची बॅच वरच ना?" पांघरूण घातलेली मामी तिला झोपलेली वाटली असेल. मामा म्हणाले, "हो, वर." दहाला कुरिअरवाला आला. समोरचं ऑफिस बंद, म्हणून त्यांचं पाकीट मामांच्या हातात देऊन सही घेऊन गेला. अकराला खाली शटरं वर गेली, भोंगे सुरू झाले. वाऱ्यानं दिवा विझला की मामा उठून लावायचे आणि पुन्हा बसायचे.

दीड वाजता रोशननं रोजच्यासारखा फोन केला. मामा एवढंच म्हणाले, "ये बापू." आवाजावरून तो समजला. त्यानं मला कळवलं, मी शाळेतून तसाच निघालो आणि चार वाजता तो जिना चढलो.

मला पाहून मामा उठून उभे राहिले. दिवसभर कोरडे असलेले डोळे आता भरले. "तुले कोनं सांगितलं?"

'रोशननं' म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते इतक्या आशेनं बघत होते की माझ्याच्यानं म्हणवेना. सतरंजीवर एक माणूस नव्हता. मी म्हणालो, "खालच्या घड्याळवाल्यानं. दार उघडं पाह्यलं त्यानं, अन मले फोन केला."

"पाह्य," मामा मामीकडे वळून म्हणाले, "सांगितलं होतं ना तुले."

मग काय, खोटं निस्तरायला मी खाली धावलो. घड्याळवाला गिऱ्हाइकाला पट्टे दाखवत होता. मामीला त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण माणूस भला. अर्धं शटर ओढून दुकानातले दोघे सेल्समन घेऊन वर आला. मी आणि ते तिघं मिळून चार खांदे झाले, मामीला शववाहिनीपर्यंत नेलं. मामांनी त्याचे दोन्ही हात धरले, "तुमचे लय उपकार." तो माझ्याकडे बघत राहिला. रोशन विमानतळावरून परस्पर घाटावर पोचला.

तेरवी झाली आणि मी नि रोशननं विषय काढला. मामा, आता दवाखान्याचं कामच काय? हिंगणीला चला, अख्खं गाव आहे तुमच्यामागं.

"काऊन?" मामा म्हणाले. "इथं का माणसं नाईत? तिच्या वक्ताले आली ना? तूच त सांगितलं."

मी रोशनकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. तो सतरंजीची घडी घालू लागला.

मामा तिथंच राहिले, एकटे. गुडघे गेलेत, खाली उतरणं होत नाही, जेवणाचा डबा वर येतो. गेल्या रविवारी गेलो तेव्हा चहा पिता पिता म्हणाले, "माह्या वक्तालेही तो घड्याळवालाच कळवीन तुले. तुहा नंबर आहे ना त्याच्यापाशी?"

"आहे," मी म्हणालो.

नंबर त्याच्यापाशी कधीच नव्हता. माझीच मला लाज वाटली. निघताना माझा नंबर कागदावर लिहिला आणि त्याला द्यायला खाली उतरलो, तर घड्याळाचं दुकान उठलेलं. तिथं मोबाइलची कव्हरं टांगली होती आणि नवा मालक मला विचारत होता, "कौनसा मॉडल, सर?"

वर जाऊन मामांना सगळं खरं सांगून टाकावं, असं मनात आलं. मी वर गेलो नाही. पाचची गाडी धरून वर्ध्याला आलो.