एझोंच्या मुलखातून आणलेलं नाव

मला 'ए कोळणी' म्हणून हाक मारणाऱ्याला मी मासा देत न्हाय. मुरुडच्या बाजारात हे सगळ्यांना ठाऊक हाय. पापलेट सडलं तरी चालेल, मी तोंड फिरवून बसते. केसरबाई म्हणा, मावशी म्हणा, मग हवी तेवढी घासाघीस करा. आमचे हे माझ्यावर हसायचे. "बाजारात मासा विकायला बसतेस का मान?" म्हणायचे. ह्यांचं नाव मी घेणार न्हाय. रेशनकार्डावर तुळशीराम लिहिलंय, तेवढ्यावर भागवा. पण माझा भाऊ मरायला टेकला, त्या दिवशी ह्यांना माझं ते फिरवलेलं तोंडच कामाला आलं.

चंदर माझा धाकटा भाऊ. आईमागे मीच वाढवलेला. सत्तावन्न साली यूनुस सारंगाने ह्यांना आणि चंदरला मालाच्या जहाजावर खलाशी म्हणून लावलं. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या, आमच्याच मुरुडचा. निघताना मी ह्यांना बजावलं, "अवो, पोराला नेताय तसा परत आणा. न्हायतर तुम्हीपण येऊ नका." बोलून गेले खरी, मग चुलीपुढे रडत बसले.

जहाज जपानच्या पार उत्तरेच्या बेटाला, होक्काइदोला लागलं. तिथे धक्क्यावर एक म्हातारा रोज होडी घेऊन मासे विकायला यायचा. पांढरी दाढी छातीवर आलेली. माल उतरवणाऱ्यांचा जपानी मुकादम त्याला लांबूनच ओरडायचा, "दोजिन! ए दोजिन!" म्हातारा मान वर करायचा न्हाय. ह्यांनी तो शब्द तेवढा उचलला. मासेवाल्याला इकडे असंच म्हणत असतील, अशी ह्यांची समजूत.

माल उतरला, जहाज बंदराबाहेर नांगरलं. सारंगाने दोघांना लहान होडीतून बोयाला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या पिंपाला, दोर बांधायला पाठवलं आणि मागून धुकं आलं. असलं धुकं, की समोर बसलेला चंदर ह्यांना दिसेना. पाण्याच्या ओढीने होडी कुठल्या कुठे गेली, खडकावर आपटली आणि चंदर पाण्यात! महिना जूनचा, पण तिथलं पाणी म्हणजे नुसता बर्फ. ह्यांनी कसाबसा त्याला वर ओढला. तेवढ्यात एक वल्हं वाहून गेलं. पोराचे दात कडकड वाजत होते, ते हळूहळू वाजायचे थांबले.

"भावजी, झोप येतेय," चंदर म्हणाला.

"झोपू नको, मुडद्या! तुझी बहीण मला घरात घेणार न्हाय!"

ह्यांनी स्वतःचा अंगरखा काढून त्याला गुंडाळला, थोबाडीत मारल्या, हाका मारल्या. चंदर डोळे मिटतच होता. एका वल्ह्याने होडी नुसती गोल फिरत होती. हे एवढे दांडगे गडी, पण तेव्हा एकवीरेला हाक मारून रडले म्हणे.

आणि धुकं जरा विरळ झालं, तर पुढ्यात तोच म्हातारा! लांब काठीने समुद्रातलं शेवाळ ओढून होडीत भरत होता. हे जिवाच्या आकांताने ओरडले, "दोजिन! दोजिन!"

म्हाताऱ्याने बघितलं. काठी खाली ठेवली, वल्ही घेतली आणि होडी उलटी वळवली. चालला की हो तो पाठ फिरवून!

पण वळताना म्हाताऱ्याचं तोंड ह्यांना दिसलं होतं. ते तोंड ओळखीचं होतं. 'ए कोळणी' म्हटल्यावर बायको बाजारात अशीच तोंड फिरवते. आणि मग गिऱ्हाईकाला हलवा मासा हवाच असेल, तर ते काय करतं? येतं गुमान पायरी उतरून, आणि केसरबाई चुकलं म्हणतं.

ह्यांनी कानटोपी काढली. दोन्ही कान धरले, हात जोडले. "बाबा! चुकलो, बाबा!" स्वतःच्या छातीवर हात ठेवून आपलं नाव सांगितलं. मग पोराच्या छातीवर हात ठेवला. "चंदर. हा चंदर, बाबा. मरतोय हो."

सगळं आपल्या मराठीत. त्या माणसाला काय कळणार? त्याने वल्ही थांबवली. पुढे गेला न्हाय, मागे आला न्हाय. तेवढ्यात धुकं पुन्हा दाटलं आणि तो दिसेनासाच झाला. हे "बाबा, बाबा" करत राहिले. घसा बसला. चंदर आता हाकेला ओ देत नव्हता.

मग धुक्यातून लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज आला. म्हाताऱ्याची होडी बाजूला येऊन लागली होती.

किनाऱ्यावरच त्याचं घर होतं. आत त्याची म्हातारी. तिच्या ओठांभोवती निळंजांभळं गोंदलेलं, पार गालापर्यंत. दुसरा कोणी असता तर भ्याला असता. पण आमच्या कोळणींचे हात, कपाळ गोंदलेलेच असतात. ह्यांना ती घरचीच वाटली. तिने चंदरचे ओले कपडे ओरबाडून काढले, कातड्यात गुंडाळला, विस्तवापाशी घेतला. विस्तवाला आधी हात जोडल्यासारखं केलं, काहीतरी पुटपुटली. मग ह्यांच्याकडे वळून पोराकडे बोट दाखवलं. नाव काय?

"चंदर."

झालं, दिवस कलेपर्यंत ती बाई त्याचे तळवे चोळत, गालावर चापट्या मारत हाका मारत होती. "चंदर! चंदर!" तो डोळे मिटायला लागला की ओरडायची. आवाज फाटला, पण थांबली न्हाय. मध्येच ह्यांनी म्हाताऱ्याकडे बोट करून त्याचं नाव विचारलं, तर तिने तोंडावर हात घेतला आणि लाजली. म्हणजे तिथेही बायका नवऱ्याचं नाव घेत न्हायत! अंधार पडता पडता चंदरने डोळे उघडले आणि म्हणाला, "आलो गं, ताई."

ती ताई म्हणजे मी. माझ्या भावाला माझीच हाक वाटली ती.

यूनुस सारंग लाँच घेऊन शोधत आला आणि दोघांना घेऊन गेला. जहाजावर त्याने ह्यांना समजावलं. "अरे, दोजिन ही शिवी हाय, जंगली माणूस म्हटल्यासारखी. बंदरातला एक म्हातारा कारकून मला सांगायचा. जपानी लोक फार पूर्वी उत्तरेकडच्या माणसांना एमिशी म्हणायचे, नंतर एझो म्हणायला लागले. हे बेट म्हणजे एझोची, एझोंचा मुलूख. मग मुलूख घेतला आणि होक्काइदो नाव दिलं. कायद्यात अजून ह्यांना जुने दोजिनच लिहितात. ही माणसं स्वतःला आयनू म्हणतात. आयनू म्हणजे माणूस."

मुलूख आयनूंचा आणि बारसं करणारे भलतेच! मी ऐकूनच तापले.

दोघं घरी आले. चंदरला उराशी धरून रडून झालं आणि मग मी विचारलं, "त्या बाईचं नाव काय?"

हे चंदरकडे बघायला लागले. चंदर ह्यांच्याकडे.

"अरे मेल्यांनो! तिने दिवसभर ह्याच्या नावाने घसा फोडला, आणि तुम्ही तिचं नाव न विचारता आलात? जिभा झडल्या होत्या काय तुमच्या?"

ह्यांनी पुन्हा बोटीवर जायचं न्हाय असं ठरवलं होतं. मीच धाडलं. सोबत सुक्या कोळंबीचे सोडे दिले आणि हिरव्या बांगड्या. दोन वर्षं ती बोट तिकडे वळली न्हाय. मला वाटायचं, म्हातारी माणसं ती, राहतात का तोवर? तिसऱ्या वर्षी बोट तिथे लागली. हे त्या घरापुढे जाऊन उभे राहिले. म्हातारीने दार उघडलं, ह्यांना नीट न्याहाळलं आणि ह्यांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत तिनेच विचारलं, "चंदर?"

ह्यांनी जोरजोरात मान हलवली, हाय, चांगला हाय. म्हातारा गेला होता. त्याचं नाव तिने तेव्हाही घेतलं न्हाय, मला ते पटतं. स्वतःचं मात्र सांगितलं. हे वाटभर ते घोकत आले.

चंदरचं तोवर लग्न झालं होतं, त्याच साली त्याला मुलगी झाली. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच. बायका म्हणाल्या, जनी ठेव, नीरा ठेव. मी पाळण्यात वाकले आणि कानात सांगितलं, "कुर्रर्र... रेसुमत."

"ह्ये कसलं गं नाव?" चंदरची सासू म्हणाली.

"हिच्या बापाला ज्या बाईने हाका मारून मागे आणला, तिचं हाय. ठेवायचं नसेल तर पोरगी द्या इकडे, मी घेऊन जाते!"

आता सगळा कोळीवाडा तिला रेसू म्हणतो. चंदर मात्र पुरं नाव घेऊन हाक मारतो, आणि ती असेल तिथून धावत येते.