इंडीची पोरं

ठाण्याच्या खोपट स्टँडवरून कल्याणला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक काका बसलेले. मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात, जणू ती पळूनच जाणार होती. मी नव्या अल्बमांवर लिहितो, त्यामुळे कानात इयरफोन घालून कामच करत होतो.

"काय ऐकतोयस रे एवढं?" त्यांनी विचारलं.

"इंडी पॉप, काका."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "इंडीचं? सोलापूरच्या पुढची इंडी? अरे, माझी सासुरवाडी ती!"

हे इंडी म्हणजे ‘इंडिपेंडंट’, गावाचं नाव नव्हे, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण तोवर माझा एक इयरफोन त्यांच्या कानात गेलेला. डोळे मिटून, पिशवीवर बोटांनी ताल धरत त्यांनी अख्खं गाणं ऐकलं.

"इंडीचीच पोरं," ते म्हणाले. "आमची ही पण अशीच. तोंडातल्या तोंडात पुटपुटणार, आणि आपल्याला सगळं कळलं पाहिजे."

पुढचा अल्बम इंडी रॉकचा होता. गिटार कडाडली तशी काकांनी समजूतदारपणे मान हलवली. "आता कळलं नाही म्हणून चिडलेत."

काकांचे दोन्ही शेरे मी माझ्या लेखासाठी गुपचूप मोबाइलमध्ये उतरवून घेतले.

शीळफाट्याला गाडी थांबली, तेव्हा त्यांनी घरी फोन लावलेला. "अगं, तुझ्या माहेरची पोरं इंग्रजीत गाणी म्हणतायत!" मग फोनवर हात ठेवून ते माझ्याकडे वळले.

"ती विचारतेय, कुणाची पोरं?"

माझं तिकीट कल्याणपर्यंतचं होतं. मी शीळफाट्यालाच उतरलो.