पापडांची वेगळी साडी

'बिचारी' हा शब्द ऐकला की माझं डोकं आजही फिरतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला माझं गर्भपिशवीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. सगळं उरकून तुळिंजच्या आमच्या बिल्डिंगमध्ये परतले, तर जिन्यात भेटेल ती बाई मला बिचारी म्हणायची आणि भिंतीला चिकटून वाट द्यायची. म्हणजे कीवही करायची आणि अंगही चोरायचं. वा रे वा!

उन्हाळा आला. आमच्याकडे पापड गच्चीवर व्हायचे, आज या घरचे तर उद्या त्या घरचे. जिच्या घरचे पापड ती आदल्या संध्याकाळी दारोदार सांगून जायची आणि बाकीच्या आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन वर जायच्या. त्या वर्षी आमचं दार तेवढं वगळलं गेलं. वरून बायकांचं हसणं ऐकू यायचं आणि मी खाली पंख्याखाली घामाघूम. पाळी एकदम बंद झाल्यामुळे अंगातून वाफा निघायच्या, लघवी धरवायची नाही. पण मी रडायचे ती त्यासाठी नाही. मला पुन्हा त्या बायकांत बसायचं होतं, बस्स.

शेवटी सासूबाई वैतागल्या. मालवणच्या त्या, तोंडानं फटकळ. "कोणाच्या बोलावण्याची वाट बघतंस गो? पोळपाट घे नि जा वर!"

गेले. त्या दिवशी समोरच्या काकूंचे पापड होते. काकू म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींची बायको, त्यामुळे गच्चीवर त्यांचाच हुकूम. मला पाहून सगळ्यांनी सरकून बसायला जागा दिली, जरा जास्तच मोठी. मी लाटायला लागले. मध्ये दोनदा जिना उतरून बाथरूमला धावले, पुन्हा वर आले. माझा पापड असा पातळ की खालचा पोळपाट दिसावा, हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही.

दुपारी पापड उलटायला उठले तेव्हा कळलं. सगळ्यांचे पापड एका मोठ्या साडीवर, आणि माझे तेवढे कोपऱ्यात, एका फाटक्या साडीवर.

"काकू, माझे वेगळे का?"

"अगं, तसं काही नाही. घरात लहान मुलं खातात ना..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझा कॅन्सर लाटण्यातून तुमच्या पापडात उतरेल होय? अहो, तो डॉक्टरांनी पिशवीसकट काढून टाकलाय!" मी माझे सगळे पापड उचलले आणि मोठ्या साडीवर त्यांच्या पापडांत मिसळून टाकले. "आता बसा निवडत," म्हटलं, आणि लाटणं घेऊन खाली आले. घरी येऊन ढसाढसा रडले, ते वेगळं.

पुढे थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, दारात काकू. आत येऊन त्यांनी स्वतःच कडी लावली. "कुणाला बोलू नकोस हं. पाळी जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता परत अंगावरून लाल जातंय. ह्यांना कसं सांगू?"

एक झणझणीत टोमणा अगदी जिभेवर आला होता. पण त्यांचं तोंड पाहिलं आणि गिळला. मीसुद्धा असंच लपवलं होतं, महिनोन्महिने.

"उद्या सकाळी तयार राहा," मी म्हटलं. "मी येतेय."

वेळेत गेलो म्हणून काकू वाचल्या, हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण त्या सकाळी आम्हाला काय ठाऊक! हॉस्पिटलच्या बाकावर काकूंनी माझा हात असा घट्ट धरला होता की बांगड्या रुतत होत्या. बिचारी दिसू नये म्हणून मी माझी ठेवणीतली साडी नेसून आले होते, मुद्दाम. आत काय विचारतात, कुठे झोपवतात, किती दुखतं, सगळं एकेक करून सांगत होते. तेवढ्यात नर्स बाहेर आली. आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत तिनं विचारलं, "पेशंट कोण?"

सवयीनं मीच उठले. उभी राहिले आणि मग लक्षात आलं.

"मी नाही," मी म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की रांगेतल्या बायकांनी वळून पाहिलं. "पेशंट ह्या आहेत. मी बरी झालेय."