व्याह्याचं जहाज

अमडापूरच्या उकंडरावांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, तोही ओहोटीला. "एवढं पाणी, अन् एक वावर भिजत नाही," असा शेरा मारून ते परत आले. पण तिथे दुकानात पाहिलेली शिडाची जहाजं डोक्यातून गेली नाहीत. आज त्यांच्या वांग्यांइतकंच त्यांचं आरमारही पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. तोफांच्या गुराबा, त्यांना ओढणारी वल्ह्यांची गलबतं, सगळी बोटभर लांबीची, स्वतः कोरलेली. डोलकाठीला बांबूची कामटी, शिडाला जुनं धोतर. तोफ डागली की जहाजाशेजारी कापसाचा बोळा ठेवायचा, तो धूर. कापसाच्या बाबतीत आमचा जिल्हा कुठल्याही आरमाराला ऐकणार नाही.

खेळ सोपा आहे. भिंतीवर कोकण किनाऱ्याचा नकाशा. दर महिन्याला दोघांनी आपापली जहाजं हलवायची. दोन ताफे समोरासमोर आले की ओसरीवर निळी चादर अंथरून लढाई. वारा कुठून येतो ते फासा सांगतो, अंतर फीत सांगते, गोळा लागला का ते पुन्हा फासा. वर्षाअखेर विजयदुर्ग ज्याच्या हातात, त्याची मोहीम. पंच मी, म्हणजे शिव्या दोन्हीकडून.

उकंडराव मराठ्यांकडून, समोर इंग्रज. म्हणजे धामणगाव बढ्याचे किसनराव, उकंडरावांचे शाळेपासूनचे दोस्त. नाणं उडवल्यावर इंग्रज त्यांच्या वाट्याला आले, आणि त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की चहा बशीत ओतायचा सोडला. दोघं खेळायला बसले की आरडाओरडा पार बाजारापर्यंत जायचा.

मग दोस्तीच्या भरात उकंडरावांनी आपली लेक समीक्षा किसनरावांच्या मुलाला दिली, आणि आरमाराचा घात झाला.

लग्नानंतरची पहिलीच लढाई. वारा उकंडरावांच्या पाठीशी, इंग्रजांचं मोठं जहाज उघडं पडलेलं. एका माऱ्यात काम झालं असतं. तेवढ्यात मंजुळाबाई चहा घेऊन आल्या आणि नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. "पोरीच्या सासऱ्याले बुडवता काय हो? लोकं काय म्हणतीन?"

उकंडरावांनी गुराब मागे ओढली. "पह्यले तुम्ही डागा, इवाईबुवा."

मुलीकडच्या बाजूनं लढलेली ही जगातली बहुधा पहिलीच आरमारी लढाई. पुढे दर महिन्याला एकेक बंदर आहेरासारखं व्याह्यांच्या घरी गेलं. किसनराव जिंकत गेले आणि त्यांचं तोंड मात्र उतरत गेलं.

शेवटी समीक्षाचा फोन आला. "बाबा, काय लावलं तुम्ही हे? मामाजी घरात कोणाशी बोलत नाहीत. म्हणतात, उकंड मले लहान लेकरू समजून राह्यला. रविवारी शेवटची लढाई. तवाही असाच खेळला, तर जहाजं खोक्यात घालून ठेवतो म्हणतात. कायमची."

उकंडराव खाटेवर बसले. जिल्ह्यात दुसरा इंग्रज कदाचित मिळाला असता; दुसरा किसन्या कुठून आणायचा?

"मंग काय, बुडवू त्याले?"

"बुडवा, बाबा. नांदायचं मले आहे."

रविवारी विजयदुर्गासमोर इंग्रज उभे, वाराही त्यांचाच. किसनरावांनी तोंड मिटून जहाज पुढे आणलं. पण उकंडरावांचा हात आज हलका होता. त्यांनी गलबतांची शिडं उतरवली, वल्ही चालवली, आणि वाऱ्याविरुद्ध गुराब ओढत थेट मोठ्या जहाजाच्या मागे नेली. पाठीमागे तोफा नसल्यासारख्याच असतात. फीत लावली. फासा पडला. कापसाचे बोळे पडले. इंग्रजांची डोलकाठी आडवी झाली.

"अहो!" दारातून मंजुळाबाई.

"तू आत जा. हे समुद्रातलं आहे." आणि व्याह्यांकडे वळून, "निशाण उतरव बे किसन्या!"

किसनरावांनी आडव्या डोलकाठीकडे पाहिलं, फितीकडे पाहिलं.

"कशाचं निशाण? फीत सरळ धर पह्यले! काऊन बे, अंगठ्याखाली दोन बोटं फीत दाबून ठेवली तुनं!"

"चश्मा लाव! बिनचश्म्यानं समुद्र लहान दिसून राह्यला तुले!"

"अन् वल्ही? वल्ही कोणं मारली? तुह्या बापानं?"

मंजुळाबाई फोनकडे धावल्या. "समे, दोघं भांडून राह्यले व!"

"अहो-जाहो करून का?"

"छे व! काबे-तुबे करून! एकदम गळ्यातून!"

पलीकडून समीक्षाचा सुस्कारा इतका मोठा आला की मलाही ऐकू आला. "मंग ताटं घे, आई. भूक लागली असीन त्याइले."

मी फीत तीनदा लावली. गोळा बरोबर लागला होता. निशाण उतरलं. व्याही हात धुवून पानावर बसले, आणि किसनरावांनी भाकरीचा तुकडा मोडून वरणात उभा केला. "हे पाह्य, मी इथून आलो असतो ना, तर तुह्ये गलबतं गेले असते कुठं?"

"वाढ व त्याले वरण," उकंडराव म्हणाले, "त्याचा समुद्र आटला."